बांगड्यांची खूण

माधवरावांनी ठरवलं, की लेक विशाखाच्या लग्नाच्या या बैठकीत अत्तर-पान आपण स्वतःच्या हातानंच द्यायचं. ठरवायला काय जातं?

त्यांची नजर तशी उत्तम. देवळाच्या कळसावरचा कावळा त्यांना घरातून दिसे. पण पन्नाशी उलटल्यापासून शेजारून गेलेला बैल दिसेना. हदगावचे हकीमसाहेब म्हणाले, "राव, आंखा ठीक हायत. उमर झाली की कडेची नजर आटतीच. अन् मन एका जागी गुंतलं, की मग कडा हायच न्हाई समजा." माधवरावांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी सांगितलं.

गेल्या साली याच्यापायीच विशाखाचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाचे मामा सतरंजीच्या टोकाला बसले होते. त्यांना अत्तर नाही, गुलाबपाणी नाही, पान नाही. मामा कोरडेच उठले आणि सगळ्या मंडळींना घेऊन गेले. पोर कित्येक दिवस रडत होती. (माधवरावांच्या ते ध्यानात आलं नाही, ती बाजूला बसून रडायची.)

आता जळकोटचे रेणुकादासराव आपल्या मुलासाठी विशाखाला पसंत करून बैठकीला आले होते. हेही स्थळ गेलं तर पोरीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, ही धास्ती माधवरावांना होतीच.

"मी माजघराच्या दाराआड उभी राहते," त्यांची बायको सौदामिनीबाई म्हणाल्या. "डावीकडं कुणी सुटलं तर बांगड्या एकदा वाजवीन. उजवीकडं सुटलं तर दोनदा."

"मला सगळं दिसतंय."

"हाव. म्हणूनच वाजवीन म्हणते."

सुरुवात झकास झाली. रेणुकादासरावांच्या मनगटाला अत्तर लागलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडून झालं. बांगड्या एकदा वाजल्या. माधवराव डावीकडे वळले, तो खरंच एक काका बसलेले. त्यांचाही मान झाला. आणि तेवढ्यात माधवरावांची बहीण विमल माजघरात पाट्यावर चटणी वाटायला बसली. विमलच्या बांगड्या कोपरापर्यंत, आणि या खुणांचा तिला पत्ता नव्हता.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. (जळकोटचं अर्धं गाव आलंय की काय, असं माधवरावांना वाटू लागलं.) एक विडा त्यांनी खांबाला दिला. काकांवर इतक्यांदा गुलाबपाणी पडलं की शेवटी ते म्हणाले, "राव, पुरे. मी घरून न्हाऊन आलोय."

आतून सौदामिनीबाई विमलला गप्प करून राहिल्या होत्या, पण बांगडीभरल्या हातानंच. त्यानं आवाज दुप्पट झाला.

अखेर चटणी झाली. घामाघूम माधवराव रेणुकादासरावांपुढे टेकले आणि अदबीनं म्हणाले, "सगळ्यांचा मान झाला. चिरंजीव तेवढे दिसले न्हाईत. आले न्हाईत का?"

आत कुणीतरी कपाळावर हात मारला.

"माधवराव," रेणुकादासराव सावकाश म्हणाले, "पोरगा तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय."

माधवरावांनी मान डावीकडे वळवली. चिरंजीव होते, आणि ठणठणीत कोरडे होते. गेल्या सालचे मामा त्यांना आठवले, विशाखा आठवली. कुणाकडे बघावं ते न कळून त्यांनी मान पुन्हा समोर केली.

"काय रे वसंता," रेणुकादासरावांनी मुलाला विचारलं, "उठायचं का?"

"बसा की, नाना," डावीकडून आवाज आला. "मुलगी तर पसंत हायच, पण असा सासरा सापडायचा न्हाई. यांच्या डाव्या हाताला बसलं, की जावई काय करून राहिला हे जन्मात कुणी विचारणार न्हाई."

बैठक हसली. दाराआड विशाखा हसली. लग्न जमलं, एवढं माधवरावांना कळलं, आणि त्यांना असं भरून आलं की त्यांनी समोरच्या रेणुकादासरावांचे दोन्ही हात गच्च धरले.

"लई गुणाचं बोललं कुणीतरी," ते म्हणाले. "कोण हो ते?"