नऊची शिट्टी

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच रात्री नऊ वाजता शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी इतक्या जोरात शिट्टी फुंकली, की माझ्या हातातली वरणाची वाटी कलंडली. चोर आला की आग लागली, काही कळेना. धावत बाहेर येऊन पाहते, तर बनियन-पायजम्यातले एक उंच म्हातारे गृहस्थ ओट्याच्या टोकाला ताठ उभे. शिट्टी तोंडात, नजर मनगटावरच्या घड्याळात. घरातून एका तरुण बाईचा आवाज आला, "ऑल राइट, बाबा!" म्हाताऱ्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नव्या मॅडम ना तुमी? काही नाही जी, सुनेची गोळी हाय. जेवा बिनघोर."

कसली गोळी, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. सांडलेलं वरण पुसायला मी आत गेले.

हे इंगळेकाका. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले, पण रेल्वेनं त्यांना सोडलं तरी त्यांनी रेल्वेला सोडलं नाही. जगात त्यांच्या मते दोनच प्रकारची माणसं, राइट टाइम आणि लेट. दूधवाला उशिरा आला की ते फाटकात लाल झेंडी धरून उभे राहत. दूधवाला सायकल थांबवून कारण सांगे, काका ते ऐकून घेत आणि मगच हिरवी दाखवत. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त साडेअकराचा असला, की सव्वाअकराला काका रिकाम्या मांडवात पहिल्या खुर्चीवर. नवरदेव दीड वाजता नाचत येई. "मंग छापाचं कायले साडेअकरा?" असं ते वरबापाला तोंडावर विचारत. त्यामुळे त्यांना आमंत्रणं कमी येत आणि आली तरी काही जण त्यात वेळ लिहीत नसत.

गोळीचं कोडं आठवड्याभरात उलगडलं. ते त्यांच्या सुनेनंच उलगडलं. पल्लवी अगदी हसरी पोरगी. पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं, बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "निदान तीन वर्षं दुसरं नको." तिची लेक चिऊ अंगावर पीत होती, म्हणून नेहमीची दोन हार्मोनची गर्भनिरोधक गोळी न देता त्यांनी एकाच हार्मोनची, प्रोजेस्टिनची गोळी दिली. ही गोळी घेतली तरी दूध आटत नाही आणि बाळालाही काही होत नाही. फक्त एक अट होती, रोज न चुकता एकाच वेळी घ्यायची. ज्या घरात सहा महिन्यांचं लेकरू आहे, त्या घरात जेवायची वेळ ठरत नाही, तिथं गोळीची काय ठरणार? पहिल्याच महिन्यात पल्लवी दोनदा विसरली. नवरा नितीन शिफ्टवर.

"शेवटी मीच बाबाईले म्हंतलं," पल्लवी सांगत होती, "का रोज मले आठवण करून देत जा. लय लाज वाटली, मॅडम. पण आमच्या घरात घड्याळ पाह्यणारा माणूस एकच हाय."

तिला वाटलं होतं, बाबा हळूच दाराबाहेरून खाकरतील. पण काकांनी पेटीतून शिट्टी काढली.

बरं, नुसती शिट्टी वाजवून ते थांबले नाहीत. नियम समजून घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. सुनेला घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि उशीर झाला तर काय करायचं ते विचारून आले. आठवल्याबरोबर गोळी घ्यायची आणि पुढचे दोन दिवस नवऱ्यानं कंडोम वापरायचा. रात्री जेवताना त्यांनी हे पोराला रेल्वेच्या भाषेत समजावलं, "लेट झाली, का दोन दिवस कॉशन ऑर्डर, गाडी जपून चालवाची. समजलं ना?" नितीनच्या घशात भाकर अडकली. काका शांतपणे ठेच्यावर तेल ओतत होते.

मधल्या काळात पल्लवीला अवेळी थोडं थोडं रक्त जाऊ लागलं. ती घाबरली, गोळी सोडते म्हणाली. काका म्हणाले, "सिग्नल समजला नाही, तर गाडीतून उडी मारतेत का? इचारून घेऊ." डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, की या गोळीनं सुरुवातीचे काही महिने असं होतं, बहुधा आपोआप थांबतं, फार गेलं तर मात्र लगेच यायचं. थोड्या दिवसांनी ते थांबलं.

गल्लीला या शिट्टीची सवय झाली, ती अशी, की समोरचे देशमुख बीपीची गोळी तिच्यावरच घेऊ लागले. त्यांच्या सौभाग्यवती साखरेची. पोरं दप्तरं भरू लागली. एकट्या पल्लवीसाठी सुरू झालेल्या गाडीत सगळी गल्ली बसली.

पण खरी गंमत झाली शेंदूरजनाघाटला. काकांची थोरली बहीण बेबीआक्का तिथली. संत्र्याचा बगीचा, मोठा कारभार आणि त्याहून मोठा आवाज. तिच्या नातवाच्या लग्नाच्या रिसेप्शनला गल्लीतले आम्ही सगळे जीप करून गेलो. स्टेजवर नवरानवरी, खाली डीजे दणाणतोय, माणसाला माणूस ऐकू येत नाही. नऊला दोन मिनिटं कमी असताना काका जेवणाचं ताट ठेवून उठले. थेट डीजेवाल्याकडे गेले आणि त्याचं बटणच बंद केलं. मांडवात एकदम शांतता. आणि मग ती शिट्टी.

वरपक्ष उभा राहिला. फोटोग्राफरचा कॅमेरा हातातच राहिला. बायकांच्या बाजूला पल्लवीनं मठ्ठ्यासोबत गोळी गिळली आणि ग्लास उंचावून ती ओरडली, "ऑल राइट, बाबा!"

"कायची गोळी वं ते?" आक्कानं स्टेजवरूनच विचारलं.

पल्लवीनं मान खाली घातली. काकांनी घातली नाही. "पाळणा लांबवाची हाय, आक्का. दूध पाजणाऱ्या बाईले चालते. चालू करा जी तुमचा डीजे."

डीजे पुन्हा सुरू व्हायच्या आत आक्का काकांना ओढत मांडवामागे घेऊन गेली. मी तिथंच हात धूत होते, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

"लाज नाही वाटत तुले? सासऱ्यानं सुनेच्या गोळीत नाक खुपसावं? अन् दूध आटलं म्हंजे? पुन्हा लेकरूच नाही झालं म्हंजे?"

"दूध आटत नाही. अन् गोळी बंद केली, का लाइन क्लिअर. डॉक्टरीणबाईले इचारलं म्या."

"तुह्या बापजन्मात कोणी असं केलं होतं का?"

काकांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "नाही केलं, थेच तं. नितीनच्या मायची बाळंतपणं पाठोपाठ झाली, तवा तू म्हणे, देवाचं देणं हाय. अन् मी गाडीवर. घरी आलो का झोपलो, उठलो का गाडीवर. डॉक्टरनं थांबा म्हंतलं, हे तिनं मले सांगतलं होतं, आक्का. म्या म्हंतलं, पाहू. पाहू पाहू म्हणता तिचं रक्त गेलं, कंबर गेली, मंग थेबी गेली. साऱ्या गाड्या टायमावर पोचवल्या म्या."

आक्कानं नळाखाली ओंजळ धरून तोंडावर पाणी मारलं. माझेही डोळे भरून आले होते, मी उगाच पुन्हा हात धुतले. निघताना आक्कानं जीपमध्ये संत्र्याचं पोतं टाकायला लावलं आणि पल्लवीच्या कानाशी लागून म्हणाली, "ते डॉक्टरीण कुठं बसते वं? आमच्या सुनेले दाखवा लागन."

मागच्या वर्षी पल्लवीला अकोल्याला शाळेत नोकरी लागली. नितीननंही बदली करून घेतली. काकांना त्यांनी चला चला म्हणून फार आग्रह केला, पण ते हलले नाहीत. "माह्यं हेडक्वार्टर बडनेरा," एवढंच. त्या घरात ते आणि भिंतीवर काकूंचा फोटो उरला. शिट्टी मात्र बंद पडली नाही. रात्री नऊला ओट्यावर उभं राहून ते पल्लवीला फोन लावत, शिट्टी फुंकत आणि पलीकडून "ऑल राइट, बाबा!" ऐकू आलं, की फोन खिशात. देशमुखांचं बीपीही त्यामुळे जागेवर राहिलं.

परवा ट्रेनिंगसाठी अकोल्याला गेले, तेव्हा पल्लवीकडेच मुक्कामाला होते. नऊ वाजता फोन आला. शिट्टी वाजली, चिऊ दोन्ही कानांवर हात ठेवून खिदळली, पल्लवी "ऑल राइट, बाबा!" म्हणाली आणि पोळ्या लाटू लागली. गोळी काही घेतली नाही. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"गोळी कधीचीच बंद हाय, मॅडम," ती हसली. "चिऊ आता पीत नाही अन् शाळेच्या धावपळीत ध्यानात राहत नाही. तीन महिन्याचं इंजेक्शन घेऊन राहिली मी. पाळी मांगंपुढं होते, पण डॉक्टरनं थे आधीच सांगून देल्लं. अजून एका लेकराचं मनात येईन, तवा बंद केल्यावर काही महिने वाट पाहा लागन, एवढंच."

"आणि काकांना?"

लाटणं थांबलं. "नाही सांगतलं. कसं सांगू? त्याईले एवढंच तं काम हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बडनेऱ्याला परतले. नऊ वाजता मुद्दाम ओट्यावर येऊन बसले. काकांनी शिट्टी फुंकली, ऑल राइट आलं, फोन खिशात गेला. मी ठरवलं होतं, की आपण तोंड उघडायचं नाही.

"अकोल्याले गेल्ता म्हणे, मॅडम," काकाच म्हणाले. "पल्लवीनं इंजेक्शन घेतलं का? या आठवड्यात ड्यू होतं."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नितीननं पह्यल्याच दिवशी सांगतलं. कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवतो मी."

"मग काका, ही शिट्टी?"

काकांनी शिट्टी बनियनला पुसली, उगाच घड्याळात पाहिलं. "मॅडम, मालगाडीत गार्ड सगळ्यात मांगच्या डब्ब्यात रायते. एकटाच. गाडी इतली लांब, का इंजन दिसत नाही. रात्री तं काहीच दिसत नाही. समोरून डायवरनं ऑल राइट देल्लं, का मांगच्याले समजते, आपण अजून गाडीले जोडून हावो."

रेल्वे फाटकाकडून एक गाडी गेली. ती संपेपर्यंत काका थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण तिले सांगू नका बरं. तिले वाटते, म्हाताऱ्याले वाईट वाटन."

"ऑल राइट, काका," मी म्हणाले.