सुशिलाबाईची किरणं

सुशिलाबाई नागपूरच्या दवाखान्यातून घरी आल्या, त्याच दिवशी केवलरामनं मागच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहून टाकलं : ‘आत किरणं आहेत. जवळ येऊ नये.’

कुडवा गावातल्या त्यांच्या गल्लीतली पोरं खेळता खेळता कोणाच्याही घरात घुसत, म्हणून ही खबरदारी. बायकोच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली होती. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि मागं राहिलेलं जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. ही गोळी घेतलेल्याच्या अंगातून काही दिवस किरणं निघत राहतात. तेव्हा आठवडाभर वेगळं झोपायचं, लेकरं आणि गरोदर बायांपासून लांब राहायचं, इतरांशी दोन मीटरवरून बोलायचं, असं त्यांनी बजावलं होतं. सून भूमिका गरोदर होती. तिला तिरोड्याला माहेरी पाठवलं.

घरात केवलरामची म्हातारी आई होती, सुमित्राबाई. ती अंथरुणाला खिळलेली, पण आवाज खणखणीत. पुढच्या खोलीतून ओरडायची, “सुशिला, जेवली का?” मागच्या खोलीतून उत्तर जायचं, “जेवलो, बाई.”

एका सकाळी हाक आलीच नाही. सुशिलाबाईनं दोनदा आवाज दिला, मग उंबऱ्याशी येऊन वाकून पाहिलं. म्हातारी झोपेतच गेली होती.

बातमी कळताच बाया रडत घरात शिरल्या आणि रिवाजाप्रमाणे म्हातारीच्या सुनेच्या गळ्यात पडायला धावल्या. सुशिलाबाई भिंतीला चिकटून किंचाळल्या, “दूर राहा! कोणी शिवू नका मले!” बाया जागीच थबकल्या. एकीनं दारावरचा मजकूर मोठ्यानं वाचला.

शेजारच्या टेकचंदच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. त्यानं केवलरामला बाजूला घेतलं. “हे किरणं काय आहेत रे भाऊ?”

“औषधाचे आहेत. गाठीचं जे राह्यलं असंन, त्याले मारतेत.”

“मारतेत?”

“कॅन्सरले मारतेत रे!”

“अन म्हातारी काल त चांगली बोलून राह्यली होती!”

आपण काय बोलून बसलो हे केवलरामच्या ध्यानात येईपर्यंत अंगण रिकामं झालं होतं. माणसं रस्ता ओलांडून कडुलिंबाखाली जमली. म्हातारीच्या अंगात किरणं शिरली असणार, जाळली तर धूर घराघरात जाणार, हेही तिथंच ठरून गेलं.

केवलरामनं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून रस्त्यावर धरला. डॉक्टर म्हणाले, “आजी वेगळ्या खोलीत होत्या ना? मग त्यांना काहीही झालेलं नाही, त्या वयानं गेल्या. बिनधास्त खांदा द्या.”

“उसका क्या जाता है?” टेकचंद म्हणाला. “वो तो नागपूर में बैठा है.”

तिरडी बांधून झाली. खांद्याला दोघंच, केवलराम आणि त्याचा मुलगा गुड्डू. ऊन चढत होतं. म्हातारीच्या तोंडावर माश्या बसत होत्या आणि केवलराम टॉवेलनं त्या हाकलत होता. शेवटी तो खाली बसला. “माह्या मायले खांदा भेटून नाई राह्यला,” एवढंच म्हणाला.

सुशिलाबाईनं पुढच्या खोलीच्या खिडकीतून हे ऐकलं. त्या डोळे पुसून बाहेर आल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. कडुलिंबाखालची गर्दी एक पाऊल मागं सरली.

“टेकचंदभाऊ, खांदा देता का?”

टेकचंद पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“नाई देत? मंग मीच येतो तिकडं. सासू मेली माही. मले कोणाच्या तरी गळ्यात पडून रडाचं आहे. पहिले तुमच्याच पडतो.” आणि त्यांनी फाटकाची कडी काढली.

“येतो, वहिनी, येतो!” टेकचंद ओरडला. “तुम्ही पहिले आत जा!”

त्या आत जाऊन खोलीत बसल्या, तेव्हा कुठं टेकचंद आला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. तिरडी अशी सुटली, की पुढं मडकं धरून चालणाऱ्या केवलरामला आईच्या अंत्ययात्रेत पळावं लागलं. ‘राम नाम’ म्हणेपर्यंत तिरडी वळणापलीकडे गेली, ‘सत्य है’ तिकडूनच ऐकू आलं.

सुशिलाबाईनं खिडकीतूनच हात जोडले. मग त्या मनसोक्त रडल्या. रडू नको म्हणायलाही घरात कोणी नव्हतं.

संध्याकाळी फाटक वाजलं. टेकचंद होता, आणि त्याच्यामागं डोक्यावरचा पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली त्याची बायको, कुंदाबाई.

“वहिनी, एक विचाराचं होतं,” टेकचंद फाटकापासूनच म्हणाला. कुंदाबाईनं पदर सोडला. गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती.

“सालभरापासून आहे,” ती म्हणाली. “हे म्हणत, जाईन आपोआप.”

“दवाखान्यात काऊन नाई नेलं?” सुशिलाबाईनं खिडकीतून विचारलं.

“भेव वाटते ना,” टेकचंद म्हणाला. “डॉक्टर काही वंगाळ सांगंन त?” बोलता बोलता तो अंगण ओलांडून खिडकीपाशी आला होता. त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. “तुमची गाठ अशीच होती का? किती दुखलं? गोळी खाल्ल्यावर काय होते?”

सुशिलाबाई मागं सरकत भिंतीला टेकल्या. “भाऊ, दूर राहा. दोन मीटर.”

“राहू द्या हो ते!” टेकचंदचं तोंड गजांना टेकलं होतं. “पहिले सांगा, ही वाचंन ना?”