माहेरच्या नावांचा अभ्यास

दामूआप्पा कुणाकडे चहाला गेले की आधी खिशातून थर्मामीटर काढायचे. तापाचा नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो, वीतभर लांब काचेचा. तो कपात बुडवायचा, एक डोळा मिटून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि मगच चहा बशीत ओतायचा. एका घरी नव्या सुनेने केलेल्या पहिल्याच चहात त्यांनी काचेची नळी घातली, तेव्हा तिच्या सासूला वाटलं, चहात काही पडलंय. सून रडायला लागली. आप्पा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या च्याला मी नाव ठिवत न्हाई. च्या झ्याक हाय. माझा कपाचा अभ्यास चालू हाय."

कपाचा अभ्यास म्हणजे स्टीलच्या, काचेच्या आणि चिनी मातीच्या कपात चहा किती वेळात निवतो, हे घरोघर जाऊन बघणं. दोन वर्षं चालला. निष्कर्ष असा निघाला, की जिथं गप्पा जास्त, तिथं चहा जास्त गार होतो.

केडगावात आमचं आणि आप्पांचं घर शेजारी आहे. मध्ये छातीएवढी भिंत. तिच्यावर आप्पांनी पाऊस मोजायला तीन बाटल्या बांधलेल्या, म्हणून आमच्या पोरांना तिथं चेंडू मारायची बंदी. पस्तीस वर्षं ते एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, हाडांचा सांगाडा वर्गात नेणं आणि परत आणणं, हे काम. पण ते "मी सायन्सला होतो" असं इतक्या सहज म्हणायचे, की नवखा माणूस त्यांना सर म्हणू लागायचा. आप्पाही त्याला थांबवायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अभ्यासाची तीन खाती उघडली. "निसर्ग, यंत्र आन् माणूस. याच्याभाईर जगात काय हाय, सांगा मला." निसर्गखात्यात कावळे, मुंग्या आणि आमच्या गल्लीतलं डबकं. डबकं किती दिवसांत आटतं हे बघायला त्यांनी त्यात खुणा केलेली काठी रोवली होती आणि ग्रामपंचायतीने मुरूम टाकून ते बुजवलं, तेव्हा आप्पा तक्रार घेऊन गेले. डबकं बुजवल्याची तक्रार त्या कार्यालयात पहिल्यांदाच आली असावी. यंत्रखात्यात गतिरोधक. पातळ आमटीचा डबा स्कूटरला लावून ते गावातल्या प्रत्येक गतिरोधकावरून गेले आणि कुठं किती सांडते ते लिहून आणलं. सरपंच म्हणाले, "आप्पा, गाड्या हळू चालाव्या म्हणूनच ते केलंय." आप्पांनी वही पुढे केली. "हळू जाऊन बी सांडती. ही नोंद बघा."

नोंद हा त्यांचा परवलीचा शब्द. तुम्ही काहीही म्हणा, "यंदा ऊन जास्त आहे" म्हणा, आप्पा विचारणार, "हे झालं तुमचं मत. नोंद कुठाय?" या सवयीपायी त्यांनी सासुरवाडी घालवली. त्यांचं सासर कारेगावचं. सासऱ्यांच्या तेराव्याला पंगत बसलेली असताना मेहुणा सांगत होता, की शेतातली विहीर आमच्या आज्याने एकट्याने खणली. आप्पांनी पानावरूनच विचारलं, "एकट्यानं? मग वरची माती कोण वडत होतं? नोंद कुठाय?" पंगत मोडली नाही, पण त्यानंतर पंचवीस वर्षं दोन घरांत येणं-जाणं राहिलं नाही. मेहुणा गेला तेव्हाही कुणी कळवलं नाही. कमलकाकी, म्हणजे आप्पांची बायको, या अबोल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. आप्पा त्याचा अर्थ, तिला काही वाटत नाही, असा घ्यायचे. एवढा अभ्यासू माणूस, पण ही नोंद साफ चुकीची होती.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तपासणी झाली असं लिहिलेल्या कागदावर सही करणं, हे माझं काम. आप्पांना त्यामुळे मी सहकारी वाटायचो. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की ते दारातून हाक मारायचे, "काय क्वालिटी, आज कितीक माल नापास?"

माणूसखात्यातला त्यांचा सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे माहेरच्या नावांचा. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे पेढे खातात, आणि जुनं नाव त्या मांडवातच राहतं. शाळेचं जुनं रजिस्टर चाळताना आप्पांच्या ते ध्यानात आलं. "ह्या रजिस्टरातल्या पोरी गेल्या कुठं? मतदारयादीत एक बी न्हाई. आवो, निम्म्या गावाचं मूळ नाव गहाळ झालंय आन् कुणाची तक्रार न्हाई!"

मग ते वही घेऊन घरोघर निघाले. वहीत तीन रकाने: आत्ताचं नाव, माहेरचं नाव, शेरा. सत्तरीचा माणूस बायाबापड्यांना नावं विचारत फिरतोय म्हटल्यावर आधी हसं झालं, मग कुजबुज. पण म्हाताऱ्या सांगू लागल्या. एकीला पाच मिनिटं आठवावं लागलं. एक जण नाव सांगून स्वतःच लाजली. मोहल्ल्यातल्या खातूनबी ठसक्यात म्हणाल्या, "आमच्यात नाव बदलत न्हाईत, दादा. जलमल्यापासून हेच हाय." आप्पांनी उठून त्यांना नमस्कार केला आणि शेऱ्यात लिहिलं, "बदल नाही. उत्तम."

दीडशेच्या वर नावं झाली. माझ्या आईचंही त्यात होतं. मला ते नाव ठाऊक नव्हतं, हे मी आप्पांना कळू दिलं नाही.

एवढ्या वहीत एकच रकाना कोरा होता. कमलकाकींचा.

"ते काय घरचंच हाय," आप्पा म्हणायचे. "कवाबी भरू."

त्यांना ते माहीत नव्हतं. दुष्काळाचं साल, पत्रिका छापलेली नाही, मुलगी शाळेत गेलेली नाही, घरात थोरली म्हणून सगळे तिला आक्का म्हणणारे. लग्न लागताना भटजींनी नाव घेतलं असणार. "पर मी तवा ब्यांडवाल्याकडं बघत हुतो," आप्पा म्हणाले. काकींच्या सासूने कमल नाव ठेवलं आणि आप्पांनी तेही कधी तोंडातून काढलं नाही. पन्नास वर्षं "अगं" वर संसार झाला.

गेल्या वर्षी काकींना झटका आला. हातपाय सुधारले, पण माणसं पुसली गेली. आप्पा खोलीत आले की त्या डोक्यावरून पदर ओढून घ्यायच्या, परक्यासमोर घ्यावा तसा. "मला घरी कवा न्हेणार?" एवढंच विचारायच्या. आप्पा म्हणायचे, हेच तुझं घर. त्या मान हलवायच्या. "माझं घर कारेगावला."

डॉक्टर म्हणाले, नावाने हाक मारत राहा. कमल म्हटलं, की काकी भिंतीकडे बघायच्या. आप्पांनी रीतसर नोंदी घेतल्या. कुकरच्या शिट्टीला मान वळते. शेळीच्या आवाजाला वळते. कमल म्हटल्यावर वळत नाही, वीस वेळा नाही. एका रविवारी मी डोकावलो, तर आप्पा खाटेजवळ स्टुलावर बसून वहीतली नावं एकामागून एक वाचत होते. "ठकू. गंगू. मंजुळा. हौसा." प्रत्येक नावानंतर थांबायचे, चष्म्यावरून काकींकडे बघायचे आणि पेन्सिलीने फुली मारायचे. मला आधी हसू आलं. मग फुल्या किती झाल्यात ते दिसलं आणि मी दारातच उभा राहिलो.

"लहानपणात गेलीय ती," आप्पा म्हणाले. "तिथलं नाव घावलं, तर वळंल बघा. माझ्याकडं न्हाई वळली तरी चालंल. हाकंकडं वळू दे."

नाव सांगू शकेल असं माणूस आता एकच होतं. काकींची चुलती, नव्वदीची, कारेगावात नातवाकडे. ऐकायला कमी, म्हणजे फोनचा उपयोग नाही. काकींना सोडून आप्पांना जाता येईना. त्यांनी मला विचारलं. "तुमची बस रोज तिथनंच जाती. उतरून तेवढं इचारून या."

मी म्हणालो, "उद्याच विचारतो."

आमची बस कारेगावच्या तोंडावर दोन मिनिटं थांबते, तिथले कामगार चढतात. मी खिडकीतून रोज ते गाव बघतो. खोल्यांच्या रांगा, वाळत घातलेले युनिफॉर्म, बिहारी पोरांची मोबाइलवरची गाणी. तिथं एक म्हातारी शोधायची, म्हणजे अर्धा दिवस रजा. त्या आठवड्यात ऑडिट होतं. पुढच्या आठवड्यात एक जण सुट्टीवर होता म्हणून जादा काम. आप्पा रोज दारातून बघायचे, विचारायचे नाहीत. मालाची चौकशीही त्यांनी सोडून दिली होती. बाराव्या-तेराव्या दिवशी मलाच ते बघणं सहन होईना आणि मी भिंतीपलीकडे म्हणालो, "आज गेलो होतो, आप्पा. म्हातारी लेकीकडे गेलीये. पंधरा दिवसांनी येईल."

"असं व्हय," आप्पा म्हणाले, आणि वही काढून त्यांनी ते तारखेसकट लिहिलं.

मी ते लिहिताना बघितलं. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. नाही बोललो. उलट पंधरा दिवसांची सोय झाली म्हणून मला हलकं वाटलं. याची आज लाज वाटते.

अकराव्या दिवशी सकाळी काकी गेल्या.

माहेरी निरोप द्यायला हवा होता. त्यासाठी मात्र मला एका फोनवर रजा मिळाली. कारेगावात पहिल्याच टपरीवर विचारलं आणि टपरीवाल्याने बोटाने घर दाखवलं. बस थांबते तिथून फार तर तीनशे पावलं. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. नातसून म्हणाली, "आज्जी चार वरसं झाली, उंबऱ्याभाईर न्हाई गेल्या." मी म्हातारीच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, की केडगावच्या दामूआप्पांच्या घरच्या गेल्या.

तिच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"आमची झुंबर गेली?" ती म्हणाली.

मला विचारावंसुद्धा लागलं नाही.

पाहुणे पांगल्यावर, पाचव्या दिवशी मी आप्पांकडे गेलो. ते खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "झुंबर. काकींचं नाव झुंबर होतं."

आप्पांनी वही काढली नाही. "म्हातारी म्हणली कशी? तसं म्हणून दाखवा," एवढंच म्हणाले. मी जमेल तसं म्हणून दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग स्वतः म्हणून बघितलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं, पण त्यांनी पुढे 'बाई' लावलं, गावातल्या परक्या बाईचं नाव घेताना लावायचे तसं. झुंबरबाई. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मी त्या दिवशी उतरलोच नव्हतो. म्हातारी कुठंही गेली नव्हती. त्याच दिवशी गेलो असतो, तर काकींना हाक मारायला आप्पांच्या हातात दहा दिवस असते.

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही त्या दिशी रोजच्याच बसनं, रोजच्याच टायमाला आला. सकाळी बी तिच्यातनंच गेला. कारेगावात उतरला कवा?" त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मग आप्पा, तेव्हाच का नाही बोललात? चार शिव्या घालायच्या होत्या मला."

"आन् तुम्ही यायचं बंद केलं असतं, तर?" ते म्हणाले. "मी समद्या गावाला आजवर खोटं पाडत आलो. तुम्हाला बी पाडलं असतं, तर इचारायला मला दुसरं कोण ऱ्हायलं हुतं?"