तेल अद्याप ओले आहे

वाचनालयाची नवी लाकडी फडताळं तयार होऊन उभी होती. त्यांना फक्त तेल लावायचं राहिलं होतं. ग्रंथपालबाईंनी विचारलं तेव्हा सुतार म्हणाला, "जवसाचं तेल आणा. पातळ हात द्यायचा, जास्तीचं फडक्यानं पुसून घ्यायचं, वाळलं की दुसरा हात. पंधरवड्यात पुस्तकं लावा." बाईंच्या निवृत्तीला सहा महिने होते. 'जवसाचे तेल, दोन डबे' एवढंच पत्र त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवलं आणि तिथेच माशी शिंकली.

पुस्तकं तोवर तळघरात, खोक्यांत बंद होती. तळघराला ओल होती. रोज सकाळी एक आजोबा काठी टेकत येत आणि विचारत, "तिसरा भाग निघाला का हो?" एका जाडजूड कादंबरीचे दोन भाग त्यांनी वाचले होते. दुसऱ्याच्या शेवटी नायक पुराच्या पाण्यात उडी घेतो. आजोबा शहाऐंशी वर्षांचे होते.

"तो पोहून निघाला की नाही, एवढं कळलं की मी मोकळा," ते म्हणत. बाईंना गलबलून येई.

वरचे साहेब कट्टर निसर्गप्रेमी होते. त्यांच्या टेबलावर लाकडाचं चित्र छापलेला कागद चिकटवला होता आणि खिडकीतल्या प्लॅस्टिकच्या झाडाला ते स्वतः पाणी घालत. बाईंच्या पत्रावर त्यांनी शेरा मारला : 'जवसच का? अक्रोडाच्या तेलाचा विचार न करण्यामागील कारणे नमूद करावीत.' कारणं नमूद होण्याआधीच नैसर्गिक तेल निवड समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी साहेब. समितीत लाकडाला हात लावलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे ती निःपक्षपाती होती.

सुताराकडून फळीचे तीन तुकडे मागवले गेले. एकाला जवसाचं, दुसऱ्याला अक्रोडाचं आणि तिसऱ्याला मेण मिसळलेलं तेल लावून झालं. मग कुणी फेरफार करू नये म्हणून तिन्ही तुकडे ताबडतोब प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून लाखेनं मोहोरबंद केले. महिन्यानं पिशव्या समारंभपूर्वक उघडल्या. समितीनं बोट लावलं आणि अहवाल दिला : 'तेल अद्याप ओले आहे.'

"साहेब, हवा लागल्याशिवाय तेल वाळत नाही," सुतार म्हणाला.

"हवा सीलबंद करता येते का?"

"नाही."

"मग तिची जबाबदारी कोण घेणार?"

पुन्हा तेल, पुन्हा लाख, पुन्हा महिना. तेल अद्याप ओले. दोन्ही वेळा सुतारानं तेल पुसलेली फडकी बाहेर कुंपणावर पसरून वाळवली होती. तिसऱ्या वेळी ते साहेबांच्या नजरेस पडलं.

"सरकारी दस्तऐवज कुंपणावर?"

"फडकी आहेत, साहेब. तेलाची फडकी गोळा करून ठेवली की आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात."

साहेब मनमुराद हसले. "अहो, नैसर्गिक तेल आहे ते!"

फडक्यांचा गच्च बोळा करून, त्याला क्रमांक देऊन, तांबड्या फितीनं बांधून तो फाईलसकट कपाटात ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून धूर निघू लागला. फाईल, अहवाल, लाख, तिन्ही तुकडे, सगळ्याची राख झाली. चौकशी साहेबांनीच केली. निष्कर्ष : 'आग नैसर्गिक.'

बाई हवालदिल होऊन वर गेल्या. "आता आमच्या तेलाचं काय, साहेब?"

"कसलं तेल?" साहेब निर्विकारपणे म्हणाले. "फाईलच नाही, तर प्रश्न कुठे उरला?"

उभ्या नोकरीत बाईंना इतका सोयीचा आदेश मिळाला नव्हता. त्या तडक बाजारात गेल्या आणि पदरच्या पैशानं जवसाच्या तेलाचे दोन डबे घेऊन आल्या. खिडक्या सताड उघड्या टाकून त्यांनी आणि सुतारानं फडताळांना हात दिले. तेल वाळलं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी वाचनालय उघडलं.

लोटली की गर्दी! प्रत्येकानं फडताळावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "जवस दिसतंय." "अक्रोडाची सर नाही हो." "आम्हाला विचारलं असतं तर..." दुपारपर्यंत चौकशीच्या मागणीचा अर्ज बेचाळीस सह्यांनिशी तयार झाला. पुस्तक मात्र एकाच माणसानं मागितलं.

बाईंनी तिसरा भाग काढून ठेवला होता. बुरशीनं चिकटलेली पानं त्यांनी पट्टी घालून एकेक सोडवली होती. शेवटची चाळीस मात्र विटेसारखी घट्ट बसली होती, ती काही केल्या सुटेनात. आजोबा संध्याकाळपर्यंत वाचत बसले. काठावर नायकाची शोधाशोध अजून चालूच होती, आणि ते त्या विटेपाशी येऊन थांबले.

"बाई, निघाला का हो तो पाण्यातून?"

बाईंनी ती कादंबरी कधी वाचलीच नव्हती.

"निघाला, आजोबा," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला फडताळाआड गेल्या.

वाचकहो, तुम्हीही इथवर आलात. खरं सांगा, आत्ता तुमच्या मनात काय घोळतंय? तो बिचारा पोहून निघाला असेल का, की तुमच्या दाराला जवस बरं दिसेल की अक्रोड?