वामनभाऊंच्या फोनातलं जंगल

वामनभाऊंच्या फोनात एकही माणूस सापडायचा नाही. सगळं जंगल. वनरक्षकाच्या नोकरीत उभा जन्म रानात गेला, आता निवृत्त होऊन सिंदेवाहीत माझ्या शेजारी राहतात. पण नंबर ठेवणार झाडाजनावरांच्या नावानं. मुलगी मोह, जावई साग, डॉक्टर कडुनिंब. फोन हरवला तरी कोणाचं काही परक्याला कळू नये म्हणून.

एकदा मार्कंड्याच्या जत्रेत हरवलाच. ज्या भल्या माणसाला सापडला, त्यानं घरचा नंबर शोधला. 'घर' नाही, 'बायको' नाही. 'वाघीण' दिसली, पण तिला लावायची त्याची हिंमत होईना. त्या आमच्या वहिनी! शेवटी त्यानं 'रानडुक्कर' लावला आणि तो मी उचलला. आठवडाभर मी भाऊंशी बोललो नाही. रानडुक्कर फार हुशार जनावर असतं, अशी त्यांनी माझी समजूत घातली.

भाऊंकडे फोन तीन. एकाला घरात रेंज, दुसऱ्याला शेतावर, तिसऱ्याला मुलीच्या गावी. आठवड्यात कोणाचा नवा नंबर आला की रविवारी तो तिन्हींत हातानं चढवायचा. वहिनी चष्मा लावून एकेक आकडा वाचायच्या, भाऊ बोटानं दाबायचे, मग सगळी यादी पहिल्यापासून ताडून पाहायची. मध्येच बेहड्याचा गुडघा बरा झाला का, मोहाची पोरगी चालायला लागली का, अशा चौकशा. माझ्या अंगणात बसल्या बसल्या मला सगळं ऐकू यायचं.

वहिनी गेल्या आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी अर्धा दिवस! कंपनीच्या इंटरनेटवरून सगळ्या फोनांतले नंबर आपोआप जुळतात हो, असं मी कितीदा सांगितलं. त्यांचं एकच, "लोकायनं नंबर मले देला, कंपनीले नाई."

मग मीही हट्टाला पेटलो. खटपट करून माझ्या जुन्या लॅपटॉपवरच सोय केली. म्हणजे नंबर कुठल्या कंपनीकडे जायलाच नकोत. रविवारी भाऊंसमोर करून दाखवलं. एका मिनिटात तिन्ही फोन सारखे.

भाऊंनी उलटसुलट तपासलं. खोट सापडेना. तिन्ही फोन त्यांनी एकावर एक रचून ठेवले.

"बरं केलं गा," म्हणाले. "पण मंग इतवारी तू इथी कायले येशीन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने मी माझा अर्धा दिवस वाया जातो म्हणून कुरकुरत होतो. लॅपटॉप मिटला आणि वरचा फोन हातात घेतला.

"मशीनचा काय भरोसा, भाऊ," म्हटलं. "ताडून पाहा लागते." आणि यादीतल्या पहिल्या झाडापासून, अंजनापासून, वाचायला लागलो.