हातावरचं दही

दर्शनाचं आयुष्यातलं पहिलं व्याख्यान होतं आणि त्याचा फार गाजावाजा करायचा नाही असं ठरवून तिनं ते अर्ध्या पेणला सांगून ठेवलं होतं.

रोह्याच्या एका गणेश मंडळानं तिला बोलावलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती मंडपात आली की लगेच व्याख्यान. विषय तिनंच सुचवला होता, ‘धर्म : शब्दाचा अर्थ आणि उगम’. कॉलेजात मराठी शिकवताना तिनं हा विषय काढला की पोरं खिडकीबाहेर बघायची, आणि घरी काढला की आईला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवायचं. आज मात्र माणसं मुद्दाम तेवढ्यासाठी खुर्च्यांवर येऊन बसणार होती. आनंदानं तिला सकाळचा चहासुद्धा गोड लागला नव्हता, कारण ती साखर घालायलाच विसरली होती.

निघताना आईनं, पुतळीबाईंनी, उंबऱ्यात अडवलं. “हात पुढं कर. दही घे, मंग जा.”

“आई, मी काय परीक्षेला चाललेय?”

“घरातून मानूस मोठ्या कामाला निघाला की दही द्यायचं. कर हात.” दर्शनानं तळहात चाटून पुसला. पुतळीबाईंनी उरलेलं दही डब्यात घालून डबाही पिशवीत कोंबला.

“रोह्याला दही मिळत नाही का?”

“मिलतं. पन ते आपलं नाय.”

मामेभाऊ दत्ता हमरापूरहून नेमकी त्याच मंडळाची मूर्ती टेम्पोतून नेणार होता, म्हणून दर्शना त्याच्याबरोबर निघाली. केबिनमध्ये मखराचं सामान ठासून भरलेलं. त्यामुळे वक्त्यांची रवानगी मागे, बाप्पांच्या शेजारी झाली. बाप्पांच्या तोंडावर रुमाल होता, वर प्लास्टिक होतं आणि त्या प्लास्टिकला बरोबर मुकुटावर एक भोक होतं. पेण सुटलं तशी भुरभुर सुरू झाली. दर्शनानं छत्री उघडली, ती स्वतःवर न धरता मुकुटावर धरली, बाप्पांकडे पाय होऊ नयेत म्हणून मांडी घातली आणि व्याख्यानाची तालीम सुरू केली.

“‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला. धृ म्हणजे धरून ठेवणं, सावरणं. आता इंग्रजीतला ‘रिलिजन’. तो लॅटिनमधला. कुणी म्हणतात त्याचं मूळ ‘बांधणं’ या अर्थाच्या शब्दात आहे, कुणी म्हणतात ‘पुन्हा पुन्हा काळजीपूर्वक वाचणं’ या अर्थाच्या शब्दात. पंडितांचं अजून एकमत नाही.” नागोठणं मागे पडेपर्यंत तालीम तीनदा झाली. इतका शांत श्रोता तिला आजवर मिळाला नव्हता.

अष्टमी गावात शिरता शिरता टेम्पोचं टायर बसलं. समोर पूल, पुलापलीकडे रोहा, मध्ये कुंडलिका नदी. दत्तानं चाक काढून पंक्चरवाल्याकडे नेलं. बाप्पा जागेवरच होते म्हणून दर्शना समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेली. आजच्या दिवसात तिच्या हातून झालेली चूक ती एवढीच.

टेम्पो उभा होता तो नेमका अष्टमीतल्या एका गल्लीच्या मंडपासमोर. त्या मंडपातही गणपती यायचा होता. तेवढ्यात वाऱ्यानं प्लास्टिक उडालं, रुमाल उडाला आणि बाप्पांचे टपोरे डोळे सगळ्या गल्लीकडे बघू लागले. “आला गो आला, आपला गनपती आला!” अशी हाक उठली. दर्शना चहा टाकून धावत येईपर्यंत औक्षण झालं होतं, हार पडला होता आणि आरती शेवटच्या कडव्यावर होती.

“अहो, हा तुमचा नाही! हा रोह्याचा आहे!”

मालूआजी गल्लीतली सगळ्यात वडीलधारी बाई. तिनं तबक न थांबवता आरती पुरी केली आणि मग मान वळवली. “असंल. पन आरती झाली ना बाय? आरती झाली म्हंजे देव बसला. आता दीड दिवस हलायचा नाय.”

“मग तुमचा गणपती येईल त्याचं काय?”

“दोगं बसतील शेजारी. आमाला जड नाय.”

दत्ता चाक घेऊन परत आला. सगळा प्रकार ऐकून त्यानं चाक बसवलं, हात पुसले आणि मोठ्या उत्साहानं म्हणाला, “येवढंच ना? बसला तं उठवू.” त्यानं दर्शनाच्या पिशवीतून पुतळीबाईंचा डबा काढला आणि बाप्पांच्या हातावर चमचाभर दही ठेवून मूर्ती जागच्या जागी बोटभर हलवली.



“अरं, ह्यानं उत्तरपूजा केली!” मालूआजी ओरडली. “हातावर दही दिलं, जाग्यावरून हलवला. आता हा पान्यातच जाया पायजे!”

ते सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. कुणीतरी ढोल आणला, कुणीतरी घाटाची वाट मोकळी केली, आणि चतुर्थी उजाडायच्या आत “पुढच्या वर्षी लवकर या” सुरू झालं. त्याच क्षणी दर्शनाचा फोन वाजला. मंडळाचा चिटणीस निलेश होता.

“ताई, मूर्ती कुठवर आली? मानसं खुर्च्यांवर बसली हायेत.”

“अष्टमीत आहे. विसर्जनाला निघालीय.”

“कोनाची?”

“आपली.”



मूर्ती गेली तर मंडळ गेलं, मंडळ गेलं तर व्याख्यान गेलं. दर्शना टेम्पोत चढली, दोन्ही हात वर केले आणि जे येत होतं ते बोलायला लागली. “थांबा! आधी धर्म म्हणजे काय ते ऐका!” ढोल थांबला. तिनं धृ सांगितला, लॅटिन सांगितलं, बांधणं सांगितलं, वाचणं सांगितलं. कुणीही खिडकीबाहेर बघितलं नाही, कारण बाप्पा कुणाकडे जाणार ते यावरच ठरणार होतं. तिला स्फुरण चढलं. “प्राणप्रतिष्ठा झालेलीच नाही. तोवर ही नुसती रंगवलेली माती आहे. मातीचं विसर्जन कसलं करता?”

“माती हाय?” मालूआजीनं शांतपणे विचारलं. “मंग तू येताना सोता भिजून हिच्यावर छत्री कनाला धरली व्हतीस गो? मीनं बगलं ना.”

दर्शनाचा एक खांदा अजून ओलाचिंब होता. सगळ्यांनी तो बघितला. “राहवलं नाही,” ती हळूच म्हणाली. आणि हे बोलताना तिला स्वतःची अशी काही लाज वाटली नाही, उलट बरंच वाटलं. तिनं बाप्पांच्या हातावरच्या दह्याकडे बघितलं, मग आपल्या तळहाताकडे बघितलं आणि ती जवळजवळ किंचाळलीच.

“आजी! आज सकाळी माझ्या आईनं माझ्या हातावर दही घातलं! ते काय मला कुंडलिकेत सोडायला?”

मालूआजीच आधी हसली. तबक कमरेवर टेकवून इतकी हसली की तिला टेम्पोला धरावं लागलं. “नाय गो बाय! मोठ्या कामाला निघालीस म्हून!”

“मग हेही मोठ्या कामालाच निघालेत. वाटेत तुमच्याकडे टेकले, तुम्ही ओवाळलंत, आमच्या घरचं दही हातावर पडलं. आता जाऊ द्या त्यांना.”

“जाऊ देव. पन पाव्हना येकटा सोडायचा नसतो,” आजीनं फर्मान काढलं. ढोल पुन्हा सुरू झाला, घाटाकडे निघालेली टेम्पोची वरात वळून पुलावर चढली आणि अख्खी गल्ली बाप्पांना पोचवायला रोह्यात शिरली. निलेशनं धावत येऊन मूर्ती उतरवून घेतली आणि मग गर्दी बघून आणखी खुर्च्या मागवल्या.

दर्शना माईकसमोर उभी राहिली. मंडप गच्च भरला होता. तिनं टिपणं सारखी केली, घसा साफ केला. “मंडळी, ‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून...”

“ता सगला आयकला गो,” पहिल्या रांगेतून मालूआजी म्हणाली. “ह्यांना दह्याचं सांग.”

दर्शनानं टिपणं खाली ठेवली आणि दह्याचं सांगितलं. आईचं सांगितलं, दत्ताच्या चमच्याचं सांगितलं, छत्रीचंही सांगितलं. माणसं हसली, मध्येच गप्प झाली, पुन्हा हसली, आणि संपलं तेव्हा कुणालाच उठायचं नव्हतं. शेवटी निलेश गहिवरून आभार मानायला उठला.

“‘धर्म : शब्दाचा अर्थ आणि उगम’ या विषयावर,” तो म्हणाला, “ताईंनी आज आपल्याला दह्याबद्दल अतिशय मोलाची माहिती दिली.”