पाठकोरे कागद

२००६ सालच्या एका मंगळवारी घरून निघता निघता शंतनूने वडिलांना सुनावलं, "बाबा, इथे जुनं साठवत नाहीत. फेकतात!" नागपूरच्या वीज मंडळातून निवृत्त झालेल्या दिगंबररावांना अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे येऊन महिना झाला होता आणि तेवढ्यात त्यांनी दह्याचे सतरा रिकामे डबे जमवले होते. "चांगलं आहे ते कशाला फेकायचं?" एवढं म्हणून ते अठरावा पुसू लागले.

ऑफिसात पोचतो तर एक स्विच मेलेला. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आणि फोन ज्यांना जोडलेले, अशा चार पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. एक मुकादम, बाकीच्या तिच्या हुकमात. नवी पेटी यायला आठवडा होता. आणि दोन वाजता बड्या गिऱ्हाईकाशी फोनवर मीटिंग! ती नीट पार पडली तर त्याची बॉस लिंडाबाई शंतनूच्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर सही करणार होती. त्याने अडगळीतून गोदामाचा जुना स्विच काढला. चालतोय की, मग थांबायचं कशाला?

चालतोय का ते बघायला त्याने तो चालू केला, आणि तसाच इतरांना जोडला. इथेच माशी शिंकली. नवा गडी जोडताना बंद ठेवायचा, म्हणजे तो मुकाट हुकूम मानतो. हा म्हातारा गोदामात स्वतःच मुकादम होता आणि मानानेही सगळ्यांत वरचा. त्याने गादी बळकावली, आणि बाकीच्या पेट्या बंद होऊन पुन्हा सुरू झाल्या त्या गोदामाची सेटिंग्ज घेऊन. एकही फोन वाजेना. घाबरलेल्या शंतनूने सवयीने 'सेव्ह'ही करून टाकलं. गोदामाची सेटिंग्ज पक्की झाली; आता म्हाताऱ्याला उपटूनही काही उपयोग नव्हता.

जुन्या सेटिंग्जची प्रत मिनियापोलिसच्या सर्व्हरवर होती, पण तिकडची वाट याच पेट्यांतून. दुसरी प्रत घरी, कागदावर. त्याने मोबाइल काढला.

"बाबा, माझ्या टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा आहे ना?"

"होता."

"होता म्हणजे?"

"पाठकोरे होते रे. चार-चार तुकडे करून वही शिवली. सामानाच्या याद्यांना."

शंतनू ओरडला, "बाबा, माझं ग्रीन कार्ड कापलंत तुम्ही!"

"ओरडू नकोस. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर घातलाय. बत्तीस वर्षं मंडळात काढली, नोंद केल्याशिवाय कागद फाडला नाही. घे लिहून. व्ही फॉर विदर्भ, एल फॉर लोणार, ए फॉर अकोला, एन फॉर नागपूर. पुढे दहा. मग मेथी दोन जुड्या... थांब, ही पाठची बाजू."

"बाबा, लवकर!"

"पण बिघडलं कसं?"

"चालू स्विच जोडला."

"चालू? अरे, लाइन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं!"

शंतनू टाइप करत गेला. दोनला पाच मिनिटं असताना पहिला फोन वाजला.

मीटिंग झाल्यावर लिंडाबाई आली. "बॅकअप कुठे होता?"

"घरी. कागदावर."

"व्हेरी ऑर्गनाइज्ड!" म्हणत तिने सही केली.

संध्याकाळी शंतनू जुना स्विच बगलेत मारूनच घरी आला. "चालतोय," एवढंच म्हणाला. मग सही केलेले कागद त्याने टेबलावर ठेवले. दिगंबररावांनी ते उचलले आणि सावकाश उलटून पाहिले.

"हेही पाठकोरेच की रे," ते म्हणाले.